बाजाराच्या गावाचा इतिहास लिहायला घेताना

गावाचा इतिहास लिहायचं ठरलं की पहिली बैठक देवळात होते आणि पहिला विषय निघतो तो गावाला नाव कसं पडलं याचा. तिथून सुरुवात करू नका. नावाच्या व्युत्पत्तीत चार महिने जातात, दोन आळ्या एकमेकींवर रुसतात आणि हाती लागते ती दंतकथा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पाटलाच्या वाड्याचा इतिहास हाच गावाचा इतिहास समजणं. गाव उभं राहतं ते जमीन, पाणी आणि बाजार या तीन गोष्टींवर. या तिन्हींचे कागद आजही मिळतात, बरेचसे तालुक्याच्या ठिकाणीच. म्हणून जवळच्या कागदापासून लांबच्या कागदाकडे जा. लोकांशी बोलणं लांबवू नका, कारण म्हातारी माणसं थांबत नाहीत.

खालची पद्धत आठवडी बाजार भरणाऱ्या, दोन ते पाच हजार वस्तीच्या देशावरच्या गावासाठी आहे. मराठवाडा, विदर्भ आणि कोकणात कुठे फरक पडतो तेही ओघात सांगितलं आहे. पाचसहा जणांचा गट असला तर वर्षभरात काम होतं. गटात निदान एक बाई, एक गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माणूस आणि एक बाजारात दुकान लावणारा हवाच. नाहीतर निम्म्या घरांची दारं उघडणार नाहीत.

नकाशा हातात घ्या

तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून गावनकाशा आणि गावठाणाचा नकाशा घ्या. ड्रोनने गावठाण मोजणी झाली असेल तर घराघरांची मिळकत पत्रिकाही मिळते. नकाशाच्या तीन मोठ्या प्रती काढा. एकीवर आजचं गाव भरा, दुसरीवर १९७२ च्या दुष्काळाआधीचं, तिसरी कोरी ठेवा. बोलताना लोक तिच्यावर बोट ठेवून सांगतात.

भरायचं काय? वेस, चावडी, बाजारतळ, पिण्याच्या आणि मळ्याच्या विहिरी, बारव, ओढे, पाणंद रस्ते, गायरान, देवळं, दर्गा, मठ, तालीम, आळ्या आणि वाड्यावस्त्या. स्मशानं वेगवेगळी असतील तर सगळी दाखवा. कोणती विहीर कोणाची, आणि तिथे कोणाला पाणी भरू देत नव्हते, हेही नकाशावरच लिहा. हा भाग पुस्तकात नको असं कोणीतरी म्हणेलच. तो वगळलात तर गावाच्या पाण्याचा इतिहास खोटा होईल.

शेतांची बोलीतली नावं आवर्जून गोळा करा. शेतांचे नंबर बदलले तरी ही नावं तशीच राहिली. महारकी, गुरवकी, जोशाचं, देवाचा मळा अशी नावं जुन्या वतनांकडे आणि इनामांकडे बोट दाखवतात. तेवढ्यावर निष्कर्ष मात्र काढू नका, पुढच्या कागदांत पडताळा.

इथे पहिला खड्डा आहे. जुन्या कागदांत सर्व्हे नंबर असतो आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली पुढच्या काही दशकांत गावोगाव एकत्रीकरण योजना झाली आणि नंबर बदलले. जुना सर्व्हे नंबर १२ आणि आजचा गट १२ एकच धरला तर सगळी कहाणी भलत्याच शेतात जाऊन पडते. भूमी अभिलेखकडून एकत्रीकरणाचा उतारा घ्या (९(३) आणि ९(४) म्हणून मागा) आणि जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता पहिल्याच आठवड्यात करून ठेवा.

तालुक्याचे कागद

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुने सातबारा, फेरफार नोंदवही (गाव नमुना ६), इनाम जमिनींची नोंद (गाव नमुना ३) आणि कोतवाल बुक म्हणजे जुन्या गाव नमुना १४ मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी मिळतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी यातलं बरंच दप्तर स्कॅन झालं. काही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर मोडीतली पानं बघायला मिळतात. आधी तिथे शोधा, मग कचेरीत जा. भूमी अभिलेखकडे टिपण, शेतवार पत्रक, आकारफोड पत्रक असे मोजणी-आकारणीचे कागद असतात. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक हा पाया धरा. पूर्व विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा. गावकऱ्यांचा जंगलावरचा, तळ्यावरचा, चराईवरचा हक्क काय होता ते या शेवटच्या दोन कागदांत कळतं. कोकणात खोताचे कागद शोधावे लागतात, कारण तिथला खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा आहे.

नकलेचा साधा अर्ज आधी करा. ‘सापडत नाही’ असं तोंडी उत्तर आलं तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत लेखी उत्तर येतं. अर्जात ‘गावाचा सर्व इतिहास द्यावा’ असं लिहू नका. गावाचं नाव, नमुना क्रमांक आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, एवढंच लिहा.

फेरफार वाचताना शेजारी कायद्यांच्या सालांची चिठ्ठी ठेवा, कारण गावातली मोठी उलथापालथ याच नोंदींत दडलेली असते. परगणा व कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा १९५० चा, महार वतनासह कनिष्ठ गावकामगार वतनांचा १९५८ चा आणि पाटील वतनाचा १९६२ चा. या सालांनंतर लगेच ‘नजराणा भरून रीग्रँट’ (सरकारला रक्कम भरून जमीन परत) आणि ‘नवीन शर्त’ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) अशा नोंदी रांगेने दिसतात. कोणाला जमीन परत मिळाली, नजराणा भरता न आल्यामुळे कोणाची गेली, हे घराघराने मांडा. कूळकायदा १९४८ चा आणि कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा. त्यानंतर या कायद्याच्या ‘३२ ग’ आणि ‘३२ म’ कलमांचे शेरे आले की कसणारा मालक झाला असं समजा. त्या तारखेच्या थोडं आधी कूळ म्हणून लागलेलं नाव कमी झालेलं दिसलं, तर तिथे थांबा आणि त्या घरात जाऊन विचारा. आणखी एक काळजी: नोंद धरल्याची तारीख आणि मंजुरीची तारीख वेगळ्या असतात आणि काही नोंदी रद्दही होतात. मंजुरीचा शेरा वाचल्याशिवाय नोंद उतरवू नका.

जमिनीची मापं अशी. ३३ फूट चौरस म्हणजे १ गुंठा, ४० गुंठे म्हणजे १ एकर. पेशवाईतल्या कागदात बिघे आणि चावर येतात: पाच हात पाच मुठींची काठी, २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर. बिघ्याचं एकरात रूपांतर एका ठरावीक आकड्याने करू नका, मुलखागणिक फरक पडतो. मूळ माप तसंच छापा.

या कागदांतून काय निघू शकतं याचा नमुना पुण्याजवळच आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या दप्तरांवरून त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये तिथे सरासरी धारणा ४० एकर होती, १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली होती. त्याच्याही आधी, १८२० मध्ये, थॉमस कोट्स या डॉक्टरने लोणीकंदची घरं, अवजारं, खाणं, कर्ज यांचा तपशील लिहून ठेवला. पुढे गो. स. घुर्ये यांनी तेच गाव पुन्हा अभ्यासलं. आपल्या गावात एवढं जुनं वर्णन नसेलही. आज केलेली बारीक नोंद मात्र पुढच्या माणसाला अशीच उपयोगी पडेल.

सालांचा हिशेब

गावोगावच्या पुस्तिकांत सर्वांत जास्त चुका इथे होतात. शके दिसला की त्यात ७८ मिळवा. मात्र महिना पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा असेल तर ७९, कारण इंग्रजी साल मध्येच बदलतं. फसली सनात ५९० मिळवा, जानेवारी ते मे मधली तारीख असेल तर ५९१. मोडी कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत येतो. त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००.

शब्द असे वाचा: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. पुढे अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००. आधी एकं, मग दहं, मग शेकडा, शेवटी हजार. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७६, म्हणजे इसवी १७७५-७६. तेच साल फसलीत ११८५ आणि शके १६९७, मन्मथनाम संवत्सर. शके आणि संवत्सर दोन्ही दिले असतील तर जुळवून बघाच. जुळले नाहीत तर बहुधा आकडा चुकीचा वाचला गेलेला असतो, किंवा देवळाच्या पाटीवर नंतर कोणीतरी रंग भरताना ६ चा ९ केलेला असतो. तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिना येतो.

पेशवाईतला कागद हवा असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात जावं लागतं. तिथे रिकाम्या हाताने गेलात तर दिवस फुकट जातो. गाव तेव्हा कोणत्या परगण्यात आणि कोणत्या तरफेत होतं हे आधी शोधा. आजचा तालुका सांगून उपयोग नाही. कागदात गाव ‘मौजे’ की ‘कसबे’ लिहिलंय तेही बघा. कसब्याला पेठ आणि शेटे-महाजनांचं वतन असायचं, त्यामुळे बाजाराचे कागद मिळण्याचा संभव तिथे जास्त. मोडी येत नसेल तर वाचणाऱ्याला बरोबर न्या आणि गावाचं नाव, पाटलाचं आडनाव, शेजारची पाच गावं एवढं मोडीत लिहून घ्या. सगळं वाचत बसण्यापेक्षा आधी ही अक्षरं शोधणं सोपं जातं. निजामाच्या मुलखातल्या गावांना उर्दू आणि फारसी कागदांसाठी हैदराबादच्या अभिलेखागाराकडे वळावं लागतं.

जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर मात्र घरबसल्या वाचता येतं. खानदेशचा खंड १८८० चा, नाशिकचा १८८३, सोलापूर आणि अहमदनगरचे १८८४, पुणे आणि साताऱ्याचे १८८५. बाजाराचा वार, वस्ती, जत्रा, शाळा यांची एकदोन वाक्यं मिळतात. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी शोधा.

दगड

वेशीजवळ किंवा मारुतीच्या पाराला टेकवलेले वीरगळ खालून वर वाचायचे असतात: खाली पडलेला वीर, कधी सोबत गाई, मधे लढाई, वर अप्सरा त्याला नेताहेत आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, बाजूला चंद्रसूर्य. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. गाई दिसल्या म्हणून लगेच ‘महाराजांच्या काळातला मावळा’ असं लिहू नका. गुरं पळवताना झालेल्या झुंजींचे वीरगळ त्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत. ‘हेमाडपंती’ आणि ‘पांडवकालीन’ हे शब्दही जपून वापरा. हेमाद्री तेराव्या शतकातल्या यादवांचा प्रधान, पण चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेली देवळं त्याच्या आधीही बांधली जात होती.

शिलालेखाचा फोटो सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर घ्या. ऊन तिरपं पडलं की अक्षर उठून येतं. सावलीतल्या दगडावर बॅटरी बाजूने धरा. शेजारी पट्टी ठेवा. अक्षरांत खडू, चुना किंवा गुलाल भरू नका. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर मुळीच नाही, एका दुपारी लेख कायमचा जातो. शेंदराखाली काही दिसत असेल तर तो खरवडायला पुरातत्त्व खात्याचा माणूस लागतो. जीर्णोद्धाराचं काम चालू असेल तर मात्र थांबू नका. टाईल्स लागायच्या आत फोटो घ्या आणि लेखाचा दगड कोणत्या भिंतीत, किती उंचीवर होता ते लिहून ठेवा.

माणसं

‘जुनं काही सांगा’ असं विचारलं की शाळेच्या पुस्तकातलं ऐकायला मिळतं. वस्तूवरून विचारा. मीठ कोण आणायचं? बी कुठे ठेवायचे? मोट कितीला व्हायची? सुताराला बलुतं खळ्यावर मिळायचं की घरी आणून द्यायचे, आणि कधी बंद झालं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आळीआळीत वेगळं येतं. ती सगळी उत्तरं लिहा.

म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, घटना सांगतात. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. गाव प्लेगमुळे रानात झोपड्या टाकून राहिलं ही आठवण १८९६-९७ पासूनच्या वर्षांची असू शकते. गांधीवधानंतरची जाळपोळ १९४८ ची, रझाकार आणि पोलीस ॲक्शनही त्याच सालापर्यंतचं. पानशेत १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३. बोलण्यात सुकडी आणि मिलो (दुष्काळात वाटलेलं खाणं आणि परदेशी ज्वारी) निघाली की बहात्तरचा दुष्काळ. ‘त्या वेळी तुम्ही शाळेत होता की लग्न झालं होतं?’ एवढ्या एका प्रश्नाने साल दोनतीन वर्षांच्या आत येतं.

रेकॉर्डिंग करताना परवानगी तोंडी घ्या आणि ती रेकॉर्ड होऊ द्या. बैठक तासाभराची ठेवा आणि आठवड्याने परत जा. पहिल्या दिवशी न आठवलेलं दुसऱ्या दिवशी आपणहून येतं. बायकांशी बायकांनीच आणि घरच्या पुरुषांच्या माघारी बोलावं. माहेर कोणतं, हुंडा की देज (मुलीच्या बापाला दिलेले पैसे), जात्यावरच्या ओव्यांत कोणत्या गावांची नावं येतात, यातून सोयरिकीचा पूर्ण नकाशा निघतो. दलित वस्तीत १९५६ च्या धर्मांतरानंतर कोणती कामं सोडली, कोणत्या साली कोणता हक्क मागितला, विहार कधी बांधला हे तिथल्याच शब्दांत घ्या. चावडीवरची आवृत्ती आणि ही आवृत्ती जुळणार नाही, दोन्ही शेजारी छापा.

बाहेरची माणसंही विसरू नका. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावातल्या यात्रेकरूंची नावं, पूर्वजांसह, मिळतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी, म्हणजे वंशावळ सांगत फिरणारे लोक, घराण्यांच्या वंशावळ्या सांगत येतात. या तोंडी किंवा दक्षिणेसाठी लिहिलेल्या वंशावळ्या आहेत हे ध्यानात ठेवून वापरा.

बाजार, जत्रा, शाळा

बाजाराच्या दिवशी पहाटेपासून उभे राहा आणि बाजारतळाचा आराखडा काढा: कोणत्या ओळीत भाजी, कुठे बांगड्या, कुठे मडकी, शेळ्या कुठे, खारी मासळी कुठे. जागा वंशपरंपरेने धरलेल्या असतात. जुनी जागा कोण सोडत नाही त्यावरून जुना धंदा कळतो. प्रत्येक फिरत्या दुकानदाराला सोमवार ते रविवार कुठे बसता ते विचारा. दहाबारा जणांची उत्तरं मांडली की आपल्या बाजाराचं वर्तुळ दिसतं, आणि शेजारच्या गावाशी वार का टाळला तेही. बाजारकराच्या लिलावाच्या रकमा ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात वर्षवार असतात. बाजार चढला कधी आणि एसटी, डांबरी रस्ता किंवा मार्केट यार्ड आल्यावर उतरला कधी, ते या आकड्यांतूनच दिसतं. त्याच कपाटात कर आकारणीचा नमुना ८ असतो, मातीची घरं आणि सिमेंटची घरं मोजायला तो चांगला. तलाठ्याचा ८-अ वेगळा, गल्लत करू नका.

जत्रेत देवापेक्षा मानाच्या क्रमाकडे लक्ष द्या. पालखीला पहिला खांदा कोणाचा, काठी कोणाची, वाजंत्री कोण, बोकडाचं मुंडकं कोणाला, हा क्रम म्हणजे गावाची जुनी घटनाच. क्रम बदलला असेल तर भांडण किंवा कोर्टकज्जा झालेला असतो. यात्रा कमिटीच्या वर्गणीच्या वह्या मिळवा. घरांची यादी, वर्गणीचा दर, तमाशाला आणि कुस्त्यांना दिलेली बिदागी, सगळं एका जागी मिळतं आणि या वह्या कोणी मागत नाही म्हणून रद्दीत जातात. देवस्थान नोंदलेलं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे परिशिष्ट १ चा उतारा मिळतो, विश्वस्त आणि मिळकतीसह.

शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या समोर बसून वाचा. पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, कोणत्या वस्तीतली मुलं केव्हा आली, शाळा सोडण्याचं कारण काय लिहिलंय, एवढ्या तीन स्तंभांचा तक्ता केला तरी एक प्रकरण होतं. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली समजा.

लिहिताना आणि छापताना

प्रत्येक विधानाला कंसात आधार लिहा: फेरफार क्रमांक, वहीचं साल, किंवा ‘गावात सांगतात’. महाराजांचा मुक्काम, भुयार, पुरलेला हंडा हे सगळं ‘गावात सांगतात’ या खात्यात जाऊ द्या. ते गाळायचं कारण नाही, पण कागदाच्या पंक्तीला बसवायचं नाही. धरणात गाव गेलं असेल, उजनीच्या पाण्यात गेलेल्या जुन्या पळसदेवसारखं, तर भूसंपादनाचा निवाडा मिळवा. त्यात घर, झाड, विहीर यांची किमतीसह यादी असते.

जिवंत माणसांचे सातबारा, चालू असलेले दावे, खून-मारामाऱ्यांतली नावं आणि वंशावळ्या पुस्तकात घेऊ नका. वंशावळ वारसाच्या भांडणात पुरावा म्हणून फिरते, आणि मग संपादकाला तालुक्याच्या फेऱ्या माराव्या लागतात.

कच्चा मसुदा छापण्याआधी पंधरा दिवस शाळेत, ग्रामपंचायतीत आणि प्रत्येक वस्तीच्या समाजमंदिरात ठेवा, शेजारी हरकतीची वही. जमीन आणि मानपान ही प्रकरणं ग्रामसभेत मोठ्याने वाचा. जी हरकत कागद घेऊन येईल ती दुरुस्त करा. जी नुसती आवाज चढवून येईल ती ‘अमुक घराचं म्हणणं’ म्हणून तळटीपेत घाला. देणगीदारांचे फोटो शेवटच्या पानांवर, आत नकोत.

घेतलेला प्रत्येक कागद आणि फोटो पावती देऊन घ्या, स्कॅन करून आठ दिवसांत परत करा. फाइलचं नाव साल, आळी आणि विषय या क्रमाने ठेवा आणि स्कॅन, रेकॉर्डिंग, तक्ते यांच्या तीन प्रती करा: एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक गावाबाहेर राहणाऱ्या गावकऱ्याकडे.